वेस्टमिन्स्टर ॲबीचा दगड आला कुठून? सरेमधल्या भुयारी खाणी

खडूवाली
गेला शनिवार अख्खा जमिनीखाली काढला. गुडघे सोलवटलेत, ओव्हरऑलचा चिखल दोन धुण्यांत निघाला नाही, आणि डोक्यातून दगड जात नाहीये. म्हणून हा धागा.

लंडनच्या दक्षिणेला एम-२५ आणि एम-२३ हे दोन मोटरवे एकमेकांना छेदतात, तिथे सरे परगण्यातलं मर्स्टहॅम गाव आहे. त्याच्या पूर्वेला गॉडस्टोन, पश्चिमेला रायगेट. सहा वर्षं मी या पट्ट्यातून ऑफिसला जातेय. उत्तरेला खडूचा लांबलचक डोंगर दिसतो, त्याला नॉर्थ डाउन्स म्हणतात. पुणेकर माणसाला त्याला डोंगर म्हणायला जड जातं, पण असो. त्याच्या पोटात काही किलोमीटर बोगदे आहेत, आणि ते कोळशासाठी किंवा तांब्यासाठी नाही, चक्क इमारतीच्या दगडासाठी खणलेत, हे मला गेल्या वर्षी कळलं. इथला एक गुहा-क्लब या खाणींची देखभाल करतो. दारांना कुलपं आहेत, किल्ल्या त्यांच्याकडे. सभासदाबरोबर गॉडस्टोनच्या खाणीत जायची संधी मिळाली.

दगडाचं नाव रायगेट स्टोन. वालुकाश्मच, पण आपल्या डोळ्यांसमोर येतो तसा लाल किंवा पिवळा नाही. राखाडी, त्यात हिरवट झाक. हिरवा रंग ग्लॉकोनाइट या खनिजाचा, म्हणून या थराला अप्पर ग्रीनसँड म्हणतात. समुद्राच्या तळाशी साचलेली वाळू, तिला बांधून ठेवणारा थोडा चुना, स्पंजांच्या काट्यांमधून आलेली सिलिका, बारीक अभ्रक आणि थोडी चिकणमाती. खाली पडलेला एक तुकडा उचलला तर हाताला हलका लागला. नखाने ओरखडा उठतो. टॉर्च तिरकी धरली की अभ्रक चमचमतं.

पहिला प्रश्न मलाही हाच पडला होता: दगडच हवाय ना? मग उघडी खाण करा, डोंगराखाली कशाला शिरता? उत्तर थराच्या ठेवणीत आहे. हा थर डोंगराच्या दक्षिण पायथ्याशी फक्त एका अरुंद पट्टीत उघडा पडतो आणि तिथून उत्तरेकडे कलत खडूच्या खाली जातो. घरात गोधड्यांची थप्पी असते, त्यातली तळातली गोधडी हवी असेल तर कडेने हात घालून ओढतो, अख्खी थप्पी उतरवत नाही. तसंच हे. पायथ्याशी चार हात दगड काढून झाला की पुढे प्रत्येक पावलाला डोक्यावर खडू वाढत जातो. एवढा खडू उपसून टाकायचा कुठे आणि कोणाच्या पैशाने? त्यापेक्षा थराच्या मागे मागे आत जा, मध्ये खांब सोडा, बाकीचं काढा. शिवाय थरातला सगळा दगड कामाचा नसतोच. चांगल्या प्रतीचा भाग तेवढा घ्यायचा.

आत एका ठिकाणी थांबायला सांगितलं आणि सगळ्यांनी दिवे खाली धरले. जमिनीत दोन समांतर चर. बैलगाड्यांच्या चाकांनी घासून झालेले. चरात हात घातला तर कडा गुळगुळीत, आमच्याकडे जुन्या वाड्याच्या उंबऱ्याला मध्ये खळगा पडतो तशा. भिंतींवर टिकावाच्या टोकाचे तिरके ओरखडे, एकाखाली एक, इतके ताजे की माणूस जेवायला गेलाय असं वाटावं. आणि दोन्ही बाजूंना छतापर्यंत रचलेला टाकाऊ दगड. त्याला खाणीतले लोक ‘डेड्स’ म्हणतात. बाहेर न्यायचा खर्च नको म्हणून मागच्या रिकाम्या जागेतच रचून टाकायचा. रचाई इतकी नीट आहे की मी आधी ती भिंतच समजले.

हा दगड अकराव्या शतकापासून लंडनला जायचा. तिसऱ्या हेन्रीने १२४५ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबी (लंडनमधलं मोठं चर्च) नव्याने बांधायला काढली, तिचा मुख्य घडाईचा दगड हाच. टॉवर ऑफ लंडन, विंडसरचा किल्ला, हॅम्प्टन कोर्ट राजवाड्याच्या कमानी, सगळीकडे तो आहे. पर्यटक ॲबीसमोर फोटो काढतात, ती ॲबी ज्या पोकळीतून निघाली तिच्यावरून रोज हजारो गाड्या जातात आणि कोणाला पत्ता नसतो.

बाकी प्रतिसादांत. कोणी अशा खाणींत गेलंय का?

सहज_सुचलं
मस्त लिहिलंय. बाथ शहराजवळ पण अशाच दगडाच्या भुयारी खाणी आहेत ना? आम्ही गेलो होतो तेव्हा गाइड सांगत होता.

खडूवाली
हो, कोर्शमच्या बाजूला प्रचंड आहेत. पण तो चुनखडीचा दगड, वालुकाश्म नाही. तत्त्व तेच: चांगला थर खाली, वर नको असलेलं ओझं.

चांदा_ते_बांदा
ताई, तीस वर्षं चंद्रपूरकडच्या कोळसा खाणींत काढली, त्यातली बहुतेक जमिनीखाली. तुमचं वर्णन वाचून कानात आवाज यायला लागले.

तुम्ही म्हणता ते खांब सोडून काढणं, त्याला आमच्यात बोर्ड अँड पिलर म्हणतात. गल्ल्या काढायच्या, मध्ये चौकोनी खांब ठेवायचे. शेवटी परत येताना खांबही काढत यायचं, ते डिपिलरिंग, आणि मागे छत पाडू द्यायचं, त्या पडलेल्या भागाला गोफ. गोफकडे पाठ करून कोणी जेवायला बसत नाही. आमच्या कोळशाच्या वरचं छत पुष्कळ ठिकाणी वालुकाश्माचंच. म्हणजे तुमच्याकडे जो माल, तो आमच्याकडे डोक्यावरचं संकट.

शिफ्ट सुरू झाली की आधी छत ठोकून बघायचं. काठीने. टणटण वाजलं तर भरीव, ढबढब वाजलं तर वर फट आहे, पापुद्रा सुटलाय. मग ड्रेसिंग, म्हणजे पहारीने तो सुटलेला भाग आपणच पाडायचा, तोही बाजूला उभं राहून. नवीन पोरगं हमखास बरोबर खाली उभं राहायचं. जुने लोक लाकडी टेकूच पसंत करायचे. लाकूड मोडण्याआधी कुरकुरतं, माणसाला पळायला वेळ देतं.

तुमच्या त्या रचलेल्या डेड्सबद्दल. तो नुसता खर्च वाचवायचा उपाय नाही. छत आणि जमीन यांच्यामध्ये भर घातली की छत वाकलं तरी टेकायला जागा मिळते. आमच्याकडे यासाठी पोकळीत पाण्याबरोबर वाळू सोडतात, सँड स्टोविंग. तुमच्या लोकांनी हेच हाताने केलं. इतकी वर्षं गल्ली उभी आहे त्यात अर्धं श्रेय त्या रचाईचं.

एक विचारायचं होतं. खांब सगळे सारख्या आकाराचे होते का? की काही कुरतडलेले?

खडूवाली
काका, अगदी वेगवेगळे! काही खोलीएवढे, काही मला मिठीत येतील एवढे. एका बारीक खांबाला उभी चीर होती आणि आमच्या म्होरक्याने तिथून “पटपट चला, बोलू नका” म्हणत पुढे काढलं.

चांदा_ते_बांदा
म्हणजे नंतरच्या कोणीतरी खांब चोरलाय. खणणाऱ्याची पहिली पिढी भितीने जाड खांब सोडते, दुसरी पिढी म्हणते एवढा चांगला माल कशाला सोडला. सगळ्या खाणींची हीच गोष्ट.

मी_क्रॉयडनकर
माझा विषय निघाला म्हणून थोडं लांबण लावतो.

दगड काढणं सोपं म्हणावं असं त्याला लंडनला नेणं होतं. मध्ययुगात बैलगाडीने चिकट मातीच्या रस्त्यांवरून थेम्सपर्यंत, तिथून पुढे नावेने. ही रड थेट १८०५ पर्यंत. त्या साली क्रॉयडन, मर्स्टहॅम अँड गॉडस्टोन रेल्वे मर्स्टहॅमपर्यंत सुरू झाली. नावात गॉडस्टोन आहे, पण गाडी गॉडस्टोनला कधी पोचलीच नाही. आपल्याकडे कोनशिला बसते आणि पूल होत नाही, तो प्रकार तिथेही होता.

इंजिन नाही बरं का, घोडे. रूळ बिडाचे, इंग्रजी एल आकाराचे, दगडी ठोकळ्यांवर ठोकलेले. डबे मार्गावरून घसरू नयेत म्हणून कड रुळालाच असायची, चाकाला नाही. २४ जुलै १८०५ ला जाहीर प्रयोग झाला. दगडांनी भरलेल्या १२ वाघिणी एकाच घोड्याला जुंपल्या आणि मर्स्टहॅमजवळून क्रॉयडनपर्यंत ६ मैल १ तास ४१ मिनिटांत नेल्या. तिथे पोचल्यावर आणखी ४ वाघिणी जोडल्या, त्यावर ५० मजूर चढवले, तरी घोडा चालला. शेवटी वजन केलं तर ५५ टनांच्या वर. (मार्ग उताराचा होता हे जाहिरात करणारे हळूच सांगतात.)

हा मार्ग १८३८ मध्ये बंद झाला, कारण लंडन-ब्रायटन रेल्वेने तो विकत घेतला. त्याचे काही मूळ रूळ परिसरात जतन करून ठेवलेत. माझ्या धाकटीने त्यावर तोल सांभाळत चालून दाखवलं आणि मला ओरडा पडला.

निळावंती
मी मुंबईत जुन्या इमारतींच्या डागडुजीचं काम करते. खडूवाली, तू ॲबीचं कौतुक केलंस, पण या दगडाची दुसरी बाजू लिहिली नाहीस. तो दगड टिकत नाही गं!

क्रिस्टोफर रेन, सेंट पॉल कॅथीड्रलचा तोच, ॲबीच्या देखभालीवर होता. त्याने १७१३ मध्ये तिथल्या डीनला (मुख्य धर्मगुरूला) अहवाल दिला. त्यात तो जवळजवळ रडलाय. दगड चार चार इंच खोल कुजलाय आणि पापुद्रे सतत गळतायत, असं म्हणतो. त्याचं म्हणणं असं की नॉर्मन कारागिरांना त्यांचा फ्रान्समधल्या काँ (Caen) गावचा दगड प्रिय, तो आणणं महाग पडायला लागलं, तर त्यांनी त्यातल्या त्यात त्याच्यासारखा दिसणारा जवळचा दगड घेतला. करवतीने लाकडासारखा कापता येतो म्हणून. पण हा पाणी पितो, पाणी गोठतं आणि दगड सोलून निघतो. चांगला दगड हवेत राहून वर स्वतःची कातडी तयार करतो, असंही तो लिहितो. मग ॲबीच्या बाहेरच्या अंगाला त्याने आणि नंतरच्यांनी दुसरे दगड चढवले. आज बाहेरून दिसते ती बहुतेक नंतरची कातडी. रायगेट स्टोन बघायचा तर आत जायचं.

कारणं आता जास्त नीट माहीत आहेत. तू लिहिलेली ती थोडी चिकणमाती फुगणाऱ्या जातीची आहे. ओल आली की फुगते, वाळली की आकसते. चुन्याचा बंध पावसात विरघळतो. वर शेकडो वर्षं लंडनच्या कोळशाचा धूर. गंधकामुळे दगडाच्या कातडीखाली जिप्सम धरतं आणि फुगा येतो. बोटाने टकटक केलं तर पोकळ वाजतो. काका छत ठोकतात, आम्ही भिंत ठोकतो.

मुंबईत आमचं दुखणं असंच. फोर्टातल्या गॉथिक इमारतींवरची नक्षी पाहा, पानं, माकडं, पोपट, बरंचसं पोरबंदर दगडात. मऊ, घडायला लोण्यासारखा. तो चुनखडीचा असला तरी स्वभाव तोच. खाऱ्या हवेत पोपटाची चोच आधी जाते, मग डोळा. त्याच इमारतीचा साध्या, कडक दगडाचा भाग शेजारी खडखडीत.

तर्कट
म्हणजे पाचशे वर्षं इंग्लंडचे राजे आणि त्यांचे गवंडी मूर्ख होते? नाही पटत. एकदा फसतो माणूस, शतकानुशतकं नाही.

निळावंती
मूर्ख कोण म्हणालं? आतल्या कोरीव कामाला हा दगड आजही सुरेख आहे. शिवाय राजाला चर्च त्याच्या हयातीत उभं हवं असतं. ज्या दगडावर एक पाथरवट दिवसाला दोन ठोकळे घडवतो आणि ज्यावर चार घडवतो, त्यात कुठला घेणार? हिशोब त्या वेळी बरोबरच होता. भरपाई साडेचारशे वर्षांनी रेनने केली.

तर्कट
हे मान्य. आणि आणखी एक. आपल्या कैलास लेण्याची आठवण या धाग्यात कोणीतरी काढणार म्हणून मीच काढतो. तिथे डोंगरातून काढलेला दगड हा कचरा आणि उरलेली आकृती हे देऊळ. इथे काढलेला दगड हे देऊळ आणि उरलेली पोकळी हा कचरा. वेरूळला तिकीट, इथे कुलूप.

हॅलिफॅक्सचा_पाहुणा
वाचतोय. यॉर्कशायरची भर घालतो, कारण इथलं प्रकरण अगदी वेगळं आणि मला रोजच्या कामात छळणारं.

ब्रॅडफर्ड-हॅलिफॅक्स भागात एलंड फ्लॅग्ज नावाचा वालुकाश्म आहे, कोळशाच्याच काळातला. कडक. त्यात अभ्रकाचे पातळ थर आहेत, त्यामुळे तो वहीच्या पानांसारखा सपाट फुटतो. फरशा, पायऱ्या, छपरावरच्या दगडी कौलांसाठी त्याला मागणी होती. लंडनच्या फुटपाथवर ‘यॉर्क स्टोन’ म्हणून जे मिरवतं ते या प्रकारचं. इथे डोंगराच्या कडेने शिरण्याऐवजी उभ्या विहिरी खणून खाली जायचे आणि तळाशी खांब सोडून फरशीचा दगड काढायचे. इथल्या बोलीत दगडाच्या खाणीला ‘डेल्फ’ म्हणतात, अजून रस्त्यांच्या नावांत आहे.

मी पायांचं काम करतो, म्हणजे इमारतीच्या. ब्रिटनमध्ये बंद केलेल्या कोळसा खाणीचे नकाशे जमा करायची सक्ती १८७२ पासून आहे. दगडाच्या जुन्या भुयारांचे नकाशे मात्र पुष्कळदा नाहीतच. मागे एका घराच्या वाढीव खोलीसाठी बोअर घेत होतो. ड्रिल कुरकुर करत खडकातून चाललं होतं आणि एकदम दीड मीटर खाली सटकलं. ड्रिलवाल्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे, आणि घरमालकीणबाई चहाचा ट्रे घेऊन मागे उभ्या. “सगळं ठीक ना?” त्या खोलीला शेवटी इतकं सिमेंटचं मिश्रण खाली ओतावं लागलं की त्यात आणखी एक घर झालं असतं.

खडूवाली
@निळावंती, तुझं बरोबर. मी मुद्दाम गुळगुळीत लिहिलं नव्हतं, पण रेनचा भाग सुटलाच.

एक गंमत राहिली होती. याच थरातल्या वेगवेगळ्या प्रतीची वेगवेगळी नावं होती. जो भाग आगीत तडकत नाही तो फायरस्टोन. भट्ट्यांचे आणि काचकारखान्यांच्या भट्टीचे तळ, बेकरीच्या चुली त्याच्या करायचे. आणि जो मऊ, बांधकामाला कुचकामी, तो हार्थस्टोन. बांधकामाची मागणी आटल्यावर या खाणी खरं तर हार्थस्टोनवर जगल्या, अगदी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत. त्याचं काम काय? दारातली पायरी पांढरी करायची! ओल्या पायरीवर घासायचा, वाळली की पांढरी फेक. माझ्या शेजारच्या आजी ब्याऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, आमची आई दर शनिवारी गुडघ्यांवर बसून घासायची, आणि ज्या घरची पायरी काळी त्या घराबद्दल गल्लीत बोलणं व्हायचं. मला एकदम आमच्या गावाकडे शिरगोळा दळून रांगोळी करणाऱ्या बायका आठवल्या. तिथेही अंगण कोरडं दिसलं की शेजारीण विचारायचीच, “काय गं, बरं नाही का?”

गॉडस्टोनच्या काही गल्ल्यांत नंतर अळंबीही पिकवली. अंधार, ओल, वर्षभर सारखं तापमान. फुकट गोदाम.

सुतकी
नमस्कार. पहिल्यांदाच लिहितोय, एरवी नुसता वाचतो. आम्ही वडार. वडील नोकरीला लागले, पण आबांनी (आजोबा) हयातभर दगड फोडला. पाटे-वरवंटे घडवले, जाती टाकवली, विहिरी बांधल्या. वय पंच्याऐंशीच्या पुढे आहे, डोळे गेलेत, कान शाबूत. काल रात्री हा सगळा धागा त्यांना मोठ्याने वाचून दाखवला.

“नखाने ओरखडा उठतो” हे ऐकून ते हसले. म्हणाले, त्याला दगड म्हणत्यात व्हय, ती खापरी झाली. आमचा काळा फत्तर बघा म्हणावं, सुतकी (दगड फोडायचा घण) उडून अंगावर येती. मग थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, पण मऊ दगड लबाड असतो. कडक दगडाची नस सापडली की चार पाचरीत दोन फाकं. मऊ दगड पाचर गिळतो, फुटत नाही. त्याला टाकीनंच सोडवावं लागत असणार चारी बाजूंनी.

आणि ताजा काढलेला दगड लगेच घडवायला घ्यायचा की ठेवायचा, हेही त्यांनी विचारलं. पोटात पाणी असतं तोवर हाताला ऐकतो, सुकला की हट्टी होतो म्हणाले.

शेवटी तुमच्यासाठी एक प्रश्न दिलाय. भिंतीवरचे ते तिरके ओरखडे कुठल्या बाजूला झुकलेत? उजव्या हाताच्या माणसाचे एका बाजूला पडतात, डावखुऱ्याचे दुसऱ्या.

खडूवाली
@सुतकी, आबांना माझा नमस्कार सांगा. त्यांचं अगदी बरोबर. इथेही टिकावाने चर पाडत ठोकळा बाजूंनी मोकळा करायचे, मग शेवटी पाचर. आणि ओलेपणी मऊ, सुकल्यावर कडक, हेही तसंच.

त्यांच्या प्रश्नासाठी आज सगळे फोटो परत उघडून बसले. बहुतेक भिंतींवर ओरखडे उजवीकडून वरून डावीकडे खाली येतात. पण एका गल्लीच्या टोकाला, जिथे काम सोडून दिलंय, तिथली भिंत वेगळी आहे. साधारण माझ्या खांद्याएवढ्या उंचीपर्यंत खुणा एका बाजूला, त्याच्या खाली उलट्या बाजूला. मध्ये वीतभर पट्टा दोन्हींचा, जाळीसारखा. मला वाटतं दोन माणसं असावीत, एक डावखुरा. आबांना विचाराल का?

सुतकी
विचारलं. म्हणाले, एकच माणूस. खांदा भरून आला की आम्ही बी हात बदलायचो.